पट्ट्यावर दोनशे चोवीस

रवि., ५ जाने.
तिसरी! एकसष्ट जणींत तिसरी!
ह्यांची मिलमध्ये पहिली पाळी, सासूबाई देवळात. सांगायला घरात कोणी नाही. सायकलच्या ट्रेनरवरून उतरले आणि लेकीच्या, जुईच्या खोलीत एक गोल चक्कर नाचून घेतलं. (जुई नाशिकला शिकायला गेली आणि तिच्या खोलीत माझी सायकल आली. पलंग तिचा, घाम माझा.)
टीमच्या कॅप्टन हेतलबेनचा सुरतेच्या दुसऱ्या टोकाहून, अडाजणहून फोन. "वंदनाबेन, जोरदार! आखी टीम खुश!"
ऑनलाइन लीगची ही पहिलीच शर्यत: प्रत्येकीची सायकल आपापल्या घरी ट्रेनरच्या यंत्रावर जागच्या जागी, रस्ता सगळ्यांचा स्क्रीनवर. अजून दोन आणि मग फायनल. विमा ऑफिसातल्या पंचेचाळीस वर्षांच्या बाईने घरात बसून बंगळूर-दिल्लीच्या पोरींना मागे टाकलं. लिहून ठेवते, नंतर मलाच खरं वाटणार नाही.

तीच तारीख, दुपार
शर्यतीचा आलेख आता नीट पाहिला. सुरुवातीलाच छातीच्या पट्ट्यावर ठोके २२४. मग १९८, २१९, पुन्हा २२४. आठ-नऊ मिनिटं असंच. नंतर एकदम १५२ आणि शेवटपर्यंत व्यवस्थित.
मला तेव्हा काहीच वाटलं नव्हतं. ना धाप, ना चक्कर.

सोम., ६ जाने.
लीगची मेल. "आपला निकाल राखून ठेवण्यात येत आहे." कारण, हृदयाच्या ठोक्यांची नोंद विश्वासार्ह नाही.
नियम माहीत होता. प्रत्येकीचा ट्रेनर वेगळा, कोणाचा जास्त जोर दाखवतो, कोणाचा कमी. म्हणून ठोके बघतात. पाय एवढा जोर लावतात तर हृदयानेही तेवढी मेहनत केलेली दिसली पाहिजे. बरोबर आहे. पण नियम दुसऱ्यांसाठी असतो असं का वाटत होतं मला?
रात्रीच्या जेवणाला ह्यांना आलेख दाखवला. चूक केली. ह्यांचा घास हातातच राहिला.
"दोनशे चोवीस? वंदे, अण्णा कितव्या वर्षी गेला?"
सत्तेचाळीस. माझा सख्खा भाऊ. सकाळी दूध आणायला गेला तो...
"उद्यापासून सायकल बंद. आधी डॉक्टर."
सासूबाई: "घरमा बठीसन इतला कसाना जीव काढस व माय?"
 त्यांना काय सांगू, की त्या पाऊण तासात मी कोणाची सून नसते, कोणाची क्लार्क नसते.

गुरु., ९ जाने.
ऑफिसातून अर्धी रजा. उधन्याच्या डॉक्टरीणबाई. ईसीजी, मग ट्रेडमिलवर पळवलं. हे दाराशी उभे, हातात माझी पर्स.
बाई म्हणाल्या, "ट्रेडमिलचा चढ वाढवला तरी तुम्ही गप्पा मारत होतात. असे पेशंट मला रोज मिळोत." सगळ्यात जास्त ठोके १७९. ईसीजी स्वच्छ.
"मग २२४ कुठून आले?" ह्यांचा प्रश्न.
"ते त्यांच्या यंत्राला विचारा. तरी भावाचा इतिहास आहे, चोवीस तासांची नोंद घेऊ."
छातीवर वायरी चिकटवून घरी. साडीखालून एक डबी लोंबतेय.

शनि., ११ जाने.
चोवीस तासांचा रिपोर्ट आला. हृदय एकदम ठीक!! बाईंनी चिठ्ठीवर लिहून दिलं, व्यायामास हरकत नाही. हे जिन्यात दोनदा ती चिठ्ठी वाचत थांबले. मग म्हणाले, "चल, लोचो खाऊ." दोन प्लेटी खाल्ल्या. दुसरी त्यांनी मला विचारलंसुद्धा नाही, सरळ मागवली.
चिठ्ठी लीगला पाठवली. उत्तर तासाभरात: प्रकृती उत्तम असल्याचा आनंद आहे, परंतु निकालासाठी शर्यतीतलीच नोंद ग्राह्य. म्हणजे ५ तारखेचं तिसरं स्थान गेलं.
पट्ट्यावरचा विश्वास उडाला. उद्या मनगटी घड्याळ.

रवि., १२ जाने.
चौथी आले. आणि पुन्हा बाद.
घड्याळाने ठोके दाखवले ९२. चढावर, जीव कासावीस होत असताना, ९२! मिनिटाला पायडलचे फेरे किती मारत होते? ९२. फेरे ८८ केले की ठोकेही ८८. घड्याळ माझं हृदय मोजतच नव्हतं, हलणारा हात मोजत होतं. हँडल मी एवढं घट्ट धरते, तेही चुकलंच म्हणा.
एकदा २२४, एकदा ९२. देशमुख म्हणून पडताळणीचे प्रमुख आहेत, पुण्याचे. त्यांनी स्वतः फोन केला. आवाज थंड.
"मॅडम, मी तुमच्यावर आरोप करत नाही. पण पुढची नोंदही अशीच आली तर टीमचे गुण कापावे लागतील."
"सर, मी खोटं काही केलं नाही."
"सगळेच तसं सांगतात हो."
'सगळेच' हा शब्द दिवसभर कानात.
संध्याकाळी हेतलबेन. फार गोड बोलल्या. "वंदनाबेन, एक रेस आराम करो ने. तमारी जग्याए बीजी कोई..." वाक्य पुरं केलं नाही. कळलं. माझ्या जागी दुसरी.
मी म्हणाले, शुक्रवारपर्यंत वेळ द्या.
का म्हणाले? शुक्रवारपर्यंत मी काय करणार आहे?

सोम., १३ जाने.
पट्ट्याची बॅटरी बदलली. तेच. २११.
पट्टा साबणाने धुतला. तेच.
थोडा वर, थोडा खाली बांधून पाहिला. २२०.
दोन बोटं मनगटावर ठेवून स्वतःच मोजले, भिंतीवरच्या घड्याळावर पंधरा सेकंद. २९ ठोके. म्हणजे मिनिटाला ११६. पट्टा त्याच वेळी २१८ म्हणत होता. बोटं तरी खोटं बोलत नाहीत. पण बोटांची नोंद लीगला कशी पाठवू?

मंगळ., १४ जाने. उत्तरायण
गच्चीवर आमचं आख्खं भेस्तान. शेजारच्या स्पीकरला सुट्टी नाही. वारा कोरडा, ओठ फुटले. उंधियू, जिलबी. ह्यांनी सात पतंग कापले आणि प्रत्येक वेळी माझ्याकडे वळून पाहिलं. मी टाळ्या वाजवल्या. मन खाली त्या खोलीत.

बुध., १५ जाने.
सापडलं!!!
नीट क्रमाने लिहिते, नाहीतर सगळं एकदम सांडेल.
वासी उत्तरायण, म्हणजे सणाचा दुसरा दिवस, मिल बंद. त्यामुळे हे घरी. मी सायकल चालवताना ह्यांनी मला कधी पाहिलंच नव्हतं, माझी सकाळची वेळ आणि त्यांची पाळी एकच. आज जुईच्या पलंगावर चहा घेऊन बसले. मी टीमची जर्सी घातलेली, समोर मोठा पंखा फुल्ल. तिसऱ्या मिनिटाला ठोके २२१.
"बघा, आलं भूत," मी म्हणाले.
हे उठले. टॉवेल द्यायला हात पुढे केला तो चट्! दोघांनाही झटका बसला. हातावरचे केस उभे.
ते तसेच थांबले. जर्सीची बाही चिमटीत धरली. मग वर्तमानपत्राचा कोपरा फाडून कपटे केले आणि माझ्या पाठीजवळ नेले. कपटे जर्सीला जाऊन चिकटले.
"वंदे, ही तर आमच्या खात्यातली बिमारी आहे."
बावीस वर्षं वार्पिंग खात्यात, ताण्याचे धागे गुंडाळतात तिथे, काढली ह्यांनी. पॉलिस्टरचे हजारो धागे एकदम पळतात, थंडीत हवा कोरडी झाली की धाग्यांत वीज भरते. धागे एकमेकांना चिकटतात, कामगारांना झटके बसतात. मग जमिनीवर पाणी मारायचं, मशीनला अर्थिंगची तार लावायची. दर डिसेंबर-जानेवारीत हेच.
"तुझी जर्सी पॉलिस्टरची. पंख्याने फडफडते, पट्ट्यावर घासते. पट्ट्याला ती वीजच ठोका वाटते."
"मग नऊ मिनिटांनी बरोबर का होतं?"
विचार केला. माझ्या कपाळाकडे बोट. "तेव्हा तुला घाम सुटतो ना? ओलं झालं की वीज निघून जाते."
मी सायकलवरून उतरून ह्यांच्या पाया पडणार होते. त्याऐवजी कपातला उरलेला चहा पिऊन टाकला.

तीच तारीख, संध्याकाळ
हे कुंड्यांवर पाणी मारायचा फवारा घेऊन आले. जर्सी ओली केली, पट्ट्याखाली बाईंच्या दवाखान्यातली ईसीजीची जेल, पट्ट्यावरून सुती कापड गुंडाळलं, पंखा फिरवून फक्त तोंडावर.
पहिलं मिनिट ९४. दुसरं १०८. तिसरं ११९. जिना चढावा तसे एक एक.
दोघांचेही डोळे स्क्रीनवर. मग हे म्हणाले, "अजून मार पायडल, अजून." त्यांनाच थांबवेना.

शुक्र., १७ जाने.
दोन दिवस ऑफिसातून येऊन हेच. रोज दोनदा. एकदा कोरडी जर्सी, पंखा अंगावर. एकदा ओली, पंखा तोंडावर. कोरडीत दर वेळी दोनशेच्या वर. ओलीत एकदाही नाही. प्रत्येक वेळी माझं मनगट ह्यांच्या बोटांत, मोबाईलवर व्हिडिओ चालू, हे मोठ्याने ठोके मोजताहेत. मागे सासूबाईंचा आवाज आला आहे, "थंडीमा वल्लं घालस? येडी व्हयनी का?" तो काढून टाकता आला नाही.
सगळं देशमुखांना पाठवलं. हेतलबेनलाही.
हेतलबेनचा फोन लगेच. व्हिडिओ दोनदा पाहिल्याचं सांगितलं. मग, "सॉरी, वंदनाबेन. रविवारे तमे ज." रविवारी तुम्हीच.

शनि., १८ जाने.
देशमुखांचा फोन. तीन मिनिटं फक्त प्रश्न. पंखा किती अंतरावर? पट्टा कधी घेतला? ठोके मोजणारे गृहस्थ कोण?
"माझे मिस्टर. वार्पिंग सुपरवायझर."
"फोन द्या त्यांना."
ह्यांनी शर्टाच्या गुंड्या लावल्या आणि मग फोन घेतला. पंधरा मिनिटं बोलले. धागा, दमटपणा, अर्थिंग. शेवटी हे हसले, तिकडूनही हसल्याचा आवाज.
फोन ठेवून म्हणाले, "माणूस वाईट नाही. त्याला कोणी सांगितलंच नव्हतं."
उद्या शर्यतीत उतरायची परवानगी. अट एकच, नोंद स्वच्छ हवी. जुने दोन निकाल परत नाहीत. असू दे.

रवि., १९ जाने.
पाचवी. निकाल मंजूर. मंजूर!
जोर राखूनच चालवली. डोळा सारखा ठोक्यांवर, म्हणून दोघी शेवटी पुढे गेल्या. पण आलेख असा सुंदर, की छापून ऑफिसच्या टेबलावर काचेखाली ठेवावासा वाटतो. आमच्या पारोळ्याकडच्या टेकडीसारखा, हळूहळू वर आणि एका ठिकाणी उतार.
टीम फायनलला.

गुरु., २३ जाने.
अनोळखी नंबर. राजकोटची एक मुलगी, निराली. मागच्या मोसमात तिचे ठोके २३० आले म्हणून बाद केलेली. लीगच्या ग्रुपवर तिला 'मोटरवाली' म्हणायचे, म्हणजे सायकलला मोटर लावणारी लबाड. तिने सायकल विकून टाकली.
"आंटी, देशमुख सर का कॉल आया. मेरी फाइल फिर से देख रहे हैं." रडत होती की हसत होती, कळेना. "मैंने घर में भी बोल दिया था कि शायद मुझसे ही कुछ गलत हुआ होगा."
 मी तर दोनच आठवडे सोसलं.

रवि., २ फेब्रु.
कुठून सुरू करू.
फायनलला कॅमेरा लावायचा, टीमची जर्सी सक्तीची. ह्यांनी पाळी बदलून घेतली होती, पहाटे उठून बादलीत जर्सी भिजवून बसलेले. अंगात घातली तेव्हा दात वाजले. खोलीत ओलं पोतं अंथरलं, पट्ट्यावर सुती कापड. सासूबाई देवळात गेल्या नाहीत. दारात पाट घेऊन बसल्या.
चाळीस जणी. अर्ध्या वाटेपर्यंत मी नववी. ठोके १६१, १६३. आज त्यांच्याकडे बघायची भीती नव्हती. घाटाच्या पायथ्याशी १६८. ठरवलं, अजून आहे आपल्यात. ट्रेडमिलवर १७९ पर्यंत गेले होते, बाईंनी डोळ्यांनी पाहिलंय. आकडा खरा आहे हे माहीत असलं की त्याच्या भरवशावर जोर लावता येतो. १७२. सहावी. १७५. तिसरी. बंगळूरची एक पोरगी पहिली होती, तिचा चढावर वेग पडला.
सासूबाई ओरडल्या, "धर तिले! धर!" त्यांना स्क्रीनवरची मी कोणती तेही माहीत नव्हतं.
शेवटचे दोनशे मीटर. काही आठवत नाही. हँडल, घाम, ह्यांचा आवाज. १८०.
पहिली.
अर्ध्या सेकंदाच्या आत. पण पहिली. आणि टीमही पहिली!
फोन वाजत होता, मी उचलला नाही. पायडलवर पाय तसेच, हँडलवर डोकं टेकून रडले. ओल्या जर्सीवर ह्यांचा हात. चट् नाही, काही नाही.

मंगळ., ४ फेब्रु.
पडताळणी पूर्ण. निकाल कायम! देशमुखांनी लिहिलंय, पुढच्या मोसमापासून कोरड्या हवेतल्या नोंदीबद्दल सूचना नियमांत येणार, निरालीवरचा ठपकाही काढला. तिला फोन केला तर तिची आईच बोलली. "बहुत दिन बाद खाना ठीक से खाया."
ऑफिसात पेढे. साहेबांनी विचारलं, "घरात चालवून पहिला नंबर?" म्हटलं हो, घरातच.
संध्याकाळी हेतलबेन आणि टीम भेस्तानला आल्या. घर भरलं. आईसक्रीम, आरडाओरडा. हेतलबेनने सासूबाईंना सायकलवर बसवायचा प्रयत्न केला, त्या ह्यांच्यामागे लपल्या. मग सगळ्यांनी गंमत म्हणून पट्टा बांधून पाहिला. हेतलबेन ७४. सासूबाई ७१, अगदी घड्याळासारख्या.
मग हे.
६६. ११२. ५८. १३९. ८१.
सगळ्या हसल्या. "वार्पिंगवाल्यांच्या अंगातच वीज!" मीही हसले.
शर्ट काढायला लावला. पट्टा ओला केला, जेल लावली. पंखा बंद.
७०. १२८. ६१. १०४.
हसू थांबलं. त्यांचं मनगट धरलं. दोन, तीन, मग काहीच नाही, मग तीन घाईघाईने.
हे म्हणाले, "तुझा पट्टा पुन्हा बिघडला."
मी म्हणाले, नाही.

बुध., ५ फेब्रु.
उधना. आज पर्स माझ्याच खांद्यावर, दाराशी मी उभी.
कागदावरच्या रेघा सारख्या अंतरावर नव्हत्या. बाईंना सांगायची गरज पडली नाही, एवढं मला आता वाचता येतं.
"ठोके अनियमित आहेत," त्या म्हणाल्या. "कधीपासून, ते आत्ता सांगता येणार नाही. काही त्रास?"
ह्यांनी आधी शर्टाच्या गुंड्या लावल्या. मग, "जिन्यावर थांबावं लागतं. दोन-तीन महिने." मला कधी बोलले नाहीत.
"कसं लक्षात आलं?"
मी सांगितलं. बाईंनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. "पुष्कळ लोक माझ्याकडे झटका आल्यावर येतात. तुम्ही आधी आलात. ह्यावर औषधं आहेत, घाबरू नका. आधी इको आणि चोवीस तासांची नोंद."
ह्यांचा प्रश्न: वार्पिंग खात्यातली वीज ह्या डबीत घोटाळा करेल का? बाई हसल्या. "मग कामावर जाऊच नका." बावीस वर्षांत आजारपणाची पहिली रजा.
घरी सासूबाईंना काय सांगायचं? हे म्हणाले, काही नाही. मी सगळं सांगितलं. त्यांनी लेकाच्या छातीवरच्या वायरींवरून हात फिरवला. "भास्कर, आते तरी हिनं आईक."

गुरु., ६ फेब्रु.
डबी परत दिली. रिपोर्ट शनिवारी बारा वाजता.
दिवस चांगला गेला खरं तर. हे घरी, ऊन गॅलरीत. मी लीगने पाठवलेला कौतुकाचा कागद भिंतीला लावत होते तर म्हणाले, सरळ लाव, उजवी बाजू खाली आहे. तीनदा काढून लावला.
हेतलबेनचा मेसेज: पुढच्या मोसमाचे फॉर्म सुरू. मुदत शनिवार संध्याकाळ. "पहेलुं नाम तमारुं."
ह्यांना वाचून दाखवलं नाही, त्यांनीच खांद्यावरून वाचलं.
"भर."
"शनिवारी भरते. रिपोर्ट येऊ दे."
"आत्ता भर. मला बघायचंय."
शेजारी खुर्ची ओढून बसले. नाव भरलं. वय, वजन, गाव सुरत. पट्टा कोणता, तेही लिहिलं. त्यांचं मनगट माझ्या डाव्या हातात, मोजत नव्हते, नुसतं धरलं होतं.
फॉर्म पाठवायचं शेवटचं बटण अजून दाबलेलं नाही, ते शनिवारी, रिपोर्ट आल्यावर.